दुसरी खेप

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. २०२५ चा सबंध उन्हाळा आणि थोडा पावसाळा मुलाकडे आल्बनीला गेला. (पावसाळा आपला. तिकडे पाऊस कधीही येतो आणि कुणाला त्याचं कौतुक नसतं.) परत आल्यावर घर लावण्यात, दातांच्या डॉक्टरकडे खेपा घालण्यात दिवस गेले. पण एक विषय डोक्यातून जाईना. विषय ऐकून हसाल. बोट चालवायला शिकण्याचा कोर्स!

झालं असं की आमच्या चिरंजीवांनी आणि त्यांच्या एका मित्राने मिळून एक जुनी बोट घेतली. तिला तिकडे पाँटून म्हणतात. खाली ॲल्युमिनियमची दोन लांबलचक पिंपं आडवी टाकल्यासारखी, वर सपाट फळी, तिला कठडा, आणि कोचांची बैठक. मागे मोटार. अंगणात सोफे मांडून अंगणच पाण्यात सोडावं तसं ते दिसतं. आल्बनीपासून अर्ध्या-पाऊण तासावर साराटोगा नावाचं तळं आहे, तिथे ती बांधून ठेवलेली असते. शनिवार-रविवारी चकली, भडंग, कोल्ड्रिंक घेऊन ही मंडळी पाण्यावर.

पण न्यूयॉर्क राज्याचा कायदा असा की मोटारीची कुठलीही बोट चालवायची तर आधी सुरक्षिततेचा कोर्स करून प्रमाणपत्र घ्यायचं. पूर्वी हे फक्त तरुणांना होतं. २०२० पासून जन्मसालाप्रमाणे टप्प्याटप्प्याने एकेक वयोगट आत घेत घेत १ जानेवारी २०२५ पासून ते सगळ्यांना लागू झालं, मग वय अठरा असो की ऐंशी. वर्गात बसून केला तर आठ तासांचा, नाहीतर घरबसल्या ऑनलाइन. प्रमाणपत्राशिवाय पोलिसाने पकडलं तर शंभर ते अडीचशे डॉलर दंड. वल्ह्याच्या होडीला किंवा नुसत्या शिडाच्या होडीला ही अट नाही, मोटार आली की कोर्स आला.

चिरंजीव वैतागले. "आई, साठ डॉलर कोर्सचे, वर दहा डॉलर कायमच्या कार्डाचे. मी तीन वर्षं मित्राची बोट चालवतोय, मला काय शिकवणार हे?"

मी म्हटलं, "अरे, त्या कोचांच्या कव्हरला किती पडले?"

तो गप्प. कव्हरला कोर्सच्या कितीतरी पट पडले होते. शिवाय बोट बांधून ठेवायचं भाडं, पेट्रोल, विमा, थंडीत ती उचलून ठेवायचा खर्च. ह्या सगळ्यात आयुष्यात एकदाच भरायचे सत्तर डॉलर तेवढे त्याला टोचत होते! माणसाचं असंच असतं म्हणा. वस्तूला पैसे जातात ते दिसतात, शिकण्याला जातात ते पाण्यात गेल्यासारखे वाटतात. शाळेची फी भरताना कुरकुरणारे आणि बारशाला मांडव घालणारे पालक मी चौतीस वर्षं पाहिले आहेत.

सगळीकडे एवढा खर्च येतो असंही नाही. अमेरिकेत ह्या बाबतीत देशभराचा एक कायदा नाही, प्रत्येक राज्याचा वेगळा. काही राज्यांसाठी हा कोर्स ऑनलाइन फुकट मिळतो. कॅलिफोर्नियाने आपलं कार्ड २०१८ पासून वयोगटाने आणत २०२५ ला सगळ्यांना लावलं, त्या कार्डाची फी दहा डॉलर. शेजारच्या कॅनडात तर २००९ सालापासूनच मोटारबोट चालवणाऱ्या प्रत्येकाजवळ कार्ड लागतं. मिशिगनमध्ये अजून ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्यांनाच लागू आहे, म्हणजे म्हाताऱ्यांना सूट.

ही म्हाताऱ्यांची सूट हा तिथल्या लोकांच्या भांडणाचा विषय आहे. मुलाच्या शेजारी एक आजोबा आहेत, माझ्याच वयाचे. चाळीस वर्षं बोट चालवतात. त्यांना २०२५ पर्यंत कुणी विचारलं नव्हतं, आणि एकाएकी पंचाहत्तरीत परीक्षा! कुंपणापाशी उभे राहून ते मला तावातावाने सांगत होते की सरकारला पैसे काढायचे आहेत, दुसरं काही नाही. माझं इंग्रजी बेताचं, पण राग कळायला भाषा लागत नाही. मला हसू आलं ते वेगळ्याच कारणाने. नोकरीची शेवटची सात-आठ वर्षं राहिली असताना आम्हा जुन्या शिक्षकांना सक्तीचं सेवांतर्गत प्रशिक्षण लावलं होतं, तेव्हा मी हेच शब्द बोलले होते. "पंचवीस वर्षं शिकवतेय, मला फळा कसा पुसायचा ते सांगणार का?" आणि खरं सांगते, त्या दहा दिवसांत नऊ दिवस वाया गेले. पण एका दिवशी एका बाईंनी, अक्षरं उलटी लिहिणारं मूल आळशी नसतं, हे समजावून सांगितलं. घरी आले आणि पूर्वी छडी खाल्लेली तीन-चार मुलं एकेक करून डोळ्यांपुढे उभी राहिली. तेव्हा अनुभव म्हणजे काय, तर आपल्या चुका निर्वेधपणे पुन्हा पुन्हा करत राहण्याची सवयही असू शकते.

असो. कायदा झाला कसा ते सांगते.

लाँग आयलंडच्या दक्षिणेला ग्रेट साउथ बे म्हणून खाडी आहे. २००५ च्या ऑगस्टमध्ये तिथे दोन बोटींची टक्कर झाली. त्यात ब्रियाना नावाची अकरा वर्षांची मुलगी गेली. घरच्या बाकीच्यांनाही जबर दुखापती झाल्या. तिच्या आईने त्यानंतर एकच ध्यास घेतला की बोट चालवणाऱ्या प्रत्येकाला शिकून प्रमाणपत्र घेतल्याशिवाय पाण्यात उतरू द्यायचं नाही. कायदा झाला २०१९ मध्ये. चौदा वर्षं! आणि पुरता लागू व्हायला आणखी साडेपाच. ती मुलगी असती तर एव्हाना तिशी ओलांडली असती. तिकडे त्या कायद्याला तिच्याच नावाने ओळखतात.

हे ऐकल्यावर चिरंजीवांची कुरकुर थांबली. कोर्सला बसले तिघं: मुलगा, सूनबाई आणि बारा वर्षांचा नातू. (दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलालाही हा कोर्स करून प्रमाणपत्र मिळवता येतं.) चौथी मी, फुकटी विद्यार्थिनी. नातवाच्या शेजारी खुर्ची ओढून बसायची, तो वाचायचा आणि मला मराठीत सांगायचा. अडला की मी शब्दकोश काढायची. संध्याकाळी दीड-दोन तास, असे चार दिवस. कितीतरी वर्षांनी अभ्यासाचा वास आला.

काय शिकवतात? बरंच. बोटीच्या डाव्या अंगाला पोर्ट, उजव्याला स्टारबोर्ड. लक्षात ठेवायची युक्ती नातवाने सांगितली: लेफ्टची इंग्रजी अक्षरं चार, पोर्टचीही चार. रात्री डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्याला हिरवा. म्हणजे समोरून येणाऱ्या बोटीचा नुसता लाल दिसला तर तिची डावी बाजू आपल्याकडे आहे, लाल-हिरवा दोन्ही दिसले तर ती थेट आपल्या अंगावर येते आहे. दोन बोटींच्या वाटा एकमेकींना छेदत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट दिसते तिने वाट द्यायची. भोंग्याचे पाच आखूड आवाज म्हणजे धोका. बंदरात शिरताना तांबडे बोये उजव्या हाताला ठेवायचे. ही अमेरिकेची रीत. आपल्याकडे नेमकं उलटं, आत येताना तांबडा बोया डाव्या हाताला असतो. म्हणजे तिकडे पास झालेला इकडे पहिल्याच प्रश्नाला नापास!

थंड पाण्याचा धडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. आपल्याला वाटतं, पोहता येत असलं की झालं. तसं नाही. गार पाण्यात एकदम पडलं की पहिलं एक मिनिट श्वासच हातात राहत नाही, धाप लागते, आणि त्या धापेत पाणी नाकातोंडात जातं. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात. मग बोटं वळतात, दोरी धरता येत नाही. शुद्ध जायला मात्र तासभर लागू शकतो. एक, दहा, एक. म्हणजे माणूस गारठून मरण्याच्या कितीतरी आधी हात चालेनासे होऊन बुडतो, आणि अंगात जॅकेट असेल तर त्याला तो तास मिळतो. न्यूयॉर्कमध्ये १ नोव्हेंबर ते १ मे ह्या काळात एकवीस फुटांहून लहान बोटीत मोठ्यांनीसुद्धा जॅकेट अंगात घालायचंच, असा नियम आहे तो ह्यासाठी. बारा वर्षांखालच्या मुलांना तर बारा महिने.

मला माझ्या माहेरची विहीर आठवली. आमच्याकडे वाईच्या बाजूला मुलांना पोहायला शिकवत ते पाठीला पत्र्याचा हवाबंद डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून. चुलते काठावर उभे राहायचे आणि सरळ ढकलून द्यायचे. डब्याशिवाय कुणा मुलाला विहिरीत सोडलेलं मी पाहिलं नाही. म्हणजे लाइफ जॅकेट आपल्याला नवीन नाही. ते फक्त मुलग्यांना बांधत असत, एवढंच. आम्ही बहिणी काठावर कपडे सांभाळत बसायचो. मला आजही पोहता येत नाही.

अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे आकडे नातवाने काढून दाखवले. २०२३ साली तिकडे हौशी बोटींच्या अपघातांत ५६४ माणसं गेली. कारण कळलं त्यांच्यातले १०० पैकी ७५ बुडून गेले, आणि जॅकेटची नोंद असलेल्या बुडालेल्यांमध्ये १०० पैकी ८७ जणांच्या अंगात जॅकेट नव्हतं. चालवणाऱ्याच्या शिक्षणाची नोंद होती त्या मृत्यूंमध्ये तीन चतुर्थांश बोटी न शिकलेल्या माणसांच्या हातात होत्या. आता गणिताच्या बाईंनी लगेच विचारलं असतं, "एकूण बोटी चालवणाऱ्यांत न शिकलेले किती, ते सांगितल्याशिवाय ह्या तीन चतुर्थांशाला अर्थ काय?" बरोबर आहे. मी मराठी-इतिहासाची, पण एवढं मलाही कळतं. तेव्हा त्या आकड्यावर मी फार भार देत नाही. जॅकेटच्या आकड्यावर देते.

कोर्समध्ये खोट काढायची तर तीही काढते. ऑनलाइन परीक्षा नापास झालं तरी पुन्हा पुन्हा देता येते. शेजारी आजी बसून उत्तरं सुचवते आहे की काय, हे कोण बघतं? (दोन सुचवली. एक चुकलं.) दोरी फेकायची कशी हे चित्रात आहे, पण हातात दोरी कुणी देत नाही. नातवाने बागेत नळाची रबरी नळी घेऊन सराव केला, पहिल्या आठ वेळा ती त्याच्याच पायात पडली. माणूस पाण्यात पडल्यावर बोट वळवून त्याच्यापाशी कशी आणायची, हे वाचून येत असेल तर मग पुस्तक वाचून पोळ्याही गोल यायला हव्यात. माझ्या मते वर्गात बसून, पाण्याकाठी जाऊन केलेला आठ तासांचा कोर्स हा खरा. ऑनलाइन म्हणजे गाइड पाठ करून झालेली मॅट्रिक. पण गाइड वाचलेला मुलगा काहीच न वाचलेल्यापेक्षा बरा, हेही मी चौतीस वर्षांच्या अनुभवाने सांगते.

आणि प्रमाणपत्राने सगळं होत नाही ह्याची गोष्ट तिथून तासाभराच्या वाटेवरच घडलेली आहे. लेक जॉर्ज नावाचं मोठं देखणं सरोवर. ब्रियाना गेली त्याच वर्षी, २ ऑक्टोबर २००५ ला, ईथन ॲलन नावाची सहलीची बोट तिथे उलटली. ऊन पडलेलं, पाणी शांत. बोटीत ४७ प्रवासी, बहुतेक सगळे आमच्या वयाचे, मिशिगनहून सहलीला आलेले. २० जण गेले. कप्तानाकडे रीतसर लायसन्स होतं. बोटीवर ४८ प्रवाशांची परवानगी होती, म्हणजे नियम मोडला असंही दिसत नव्हतं. चौकशीत निघालं काय, तर माणशी वजन धरलं होतं १४० पौंड, म्हणजे साडेत्रेसष्ट किलो. हा हिशेब कित्येक वर्षांपूर्वीचा. माणसं तेवढी हलकी राहिली होती कुठे? खरा हिशेब केला तर त्या बोटीत १४ जणच बसवायला हवे होते. लांब बाकांवर बसलेली म्हातारी माणसं बोट कलल्याबरोबर एका बाजूला घसरली, ती आणखी कलली, आणि झालं. जॅकेटं बोटीत होती, अंगात कुणाच्याच नव्हती. पुढे २०११ मध्ये माणशी १८५ पौंड धरायचा नवा नियम केला.

ही गोष्ट वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. का, ते आता सांगते.

जुलैच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे न्यू जर्सीहून मुलाच्या मित्राचे मामा-मामी आणि त्यांची दोन नातवंडं आली. सगळे मिळून बारा जण तळ्यावर गेलो. बोटीवर चालवायच्या जागेशी एक पट्टी चिकटवलेली आहे: दहा माणसं किंवा १४५० पौंड. म्हणजे माणशी १४५ पौंड, सहासष्ट किलो. आमच्यातली तीन-चार भारदस्त मंडळी पाहता दहासुद्धा बसतील की नाही शंका. त्यात बर्फाची पेटी आणि माझा डब्यांचा डोंगर.

मामा आधीच चढून बसले होते. चिरंजीव आमचे घुटमळले. सत्तर डॉलरचं शिक्षण विरुद्ध घरी आलेले पाहुणे, असा तो सामना. "जाऊ दे, हळू चालवतो," असं तो बोलणार, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आईला दिसतंच.

तेवढ्यात नातू म्हणाला, "बाबा, टेन."

मामा हसले. "अरे बाळा, आम्ही कोकणातली माणसं. तरीत शंभर शंभर माणसं बसून आलो आहोत. दोन माणसांनी काय बोट बुडते?"

सूनबाई पाण्याकडे बघायला लागली. मित्र मामांना काय बोलणार? आणि मग माझ्या तोंडून निघालं, "मामा, बुडते. मी बुडवत आणली होती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, आधी दोन खेपा करा, मग सांगते. मामा जरा नाराजीनेच उतरले. पहिल्या खेपेला मुलं, त्यांचे आईबाप आणि मामी गेल्या. मामा आणि मी धक्क्यावर बाकावर बसून राहिलो, दोघांच्या अंगात नारिंगी जॅकेटं, मांडीवर भडंगाचा डबा. आणि जे मी ह्यांनाही पुरतं सांगितलं नव्हतं, ते त्या परक्या माणसाला सांगितलं.

१९८६ चा डिसेंबर. मुलींच्या शाळेची सहल, नववीच्या अडतीस मुली, आम्ही दोघी शिक्षिका आणि एक शिपाई. महाड, रायगड करून मुरूडला. घाटावरच्या मुली, निम्म्याहून अधिक जणींनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. होडीवाला म्हणाला, दोन खेपा कराव्या लागतील, खेपेचे चाळीस रुपये. सहलीचा हिशेब माझ्याकडे होता. प्रत्येकीकडून पस्तीस रुपये वर्गणी घेतली होती आणि ती गोळा करताना किती जणींच्या घरी जावं लागलं होतं ते माझं मला माहीत. मी घासाघीस केली. म्हटलं, मुली हलक्या आहेत, लहान आहेत, एकाच खेपेत घ्या, वर पाच रुपये देते. तो नको नको म्हणत होता. मी बाईच्या आवाजात बोलले. हा आवाज तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकला आहे. त्याने ऐकलं.

जाताना काही झालं नाही. मुली गाणी म्हणत होत्या. किल्ल्याच्या दरवाजाशी होडी आली आणि लाटेवर वरखाली व्हायला लागली. तिथे तेव्हा धक्का असा नव्हता, पायऱ्यांच्या दगडावर वेळ साधून पाय टाकायचा असायचा. मी म्हटलं, "चला, उतरा." आणि अडतीस मुली एकदम उठल्या. सगळ्या त्या एकाच अंगाला. होडी कलली. किती कलली ते मला सांगता येत नाही, पण काठावरून पाणी आत आलं ते मी पाहिलं. दोन मुली गेल्या. एकीला होडीवाल्याच्या पोराने वेणीला धरून वर ओढलं, दुसरी दगड आणि होडी ह्यांच्या मधल्या फटीत पाण्यात होती. होडीवाल्याने उडी टाकून खांद्याने होडी रेटून धरली आणि तिला बाहेर काढलं. "बसा! बसा खाली!" असं तो ओरडत होता. मी काहीच ओरडले नाही. माझ्या तोंडून आवाज फुटला नाही.

दोघी वाचल्या. खरचटलं, भिजल्या, रडल्या. परतताना मात्र तीन खेपा केल्या. पैसे मी माझ्या पर्समधून दिले आणि वाटेत लोणावळ्याला मुलींना चिक्की घेतली. शाळेत अहवाल लिहिला: सहल आनंदात व सुखरूप पार पडली. खाली माझी सही.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चाळीस रुपये."

हो. चाळीस रुपये.

आता आपल्याकडचं. १३ जानेवारी २०१८ ला डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांची बोट उलटली, तीन मुली गेल्या. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका. बोट भरली होती क्षमतेपेक्षा जास्त आणि बऱ्याच मुलांच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्या दोन बाईंचं मी किती वेळा मनात आणते सांगू? त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची वेगवान बोट येऊन आदळली. पंधरा जण गेले. तिथे प्रवाशांची काय चूक? काहीच नाही. पण जॅकेट अंगात असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न उरतोच. त्यानंतर प्रवाशांना ती घालायला लावू लागले.

आपल्याकडे २०२१ चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा आहे, यांत्रिक बोटीची नोंदणी, तपासणी, चालवणाऱ्याकडे पात्रतेचं प्रमाणपत्र, सगळं त्यात आहे. पण तिकडे आणि इकडे एक फरक आहे. तिकडे पाण्यावर हौसेने जाणारा माणूस स्वतः सुकाणू धरतो, म्हणून कोर्स त्याला. आपण बहुतेक सगळे प्रवासी. सुकाणू होडीवाल्याच्या हातात, आणि होडीवाल्याला काय कळत नाही? १९८६ साली त्याला सगळं कळत होतं. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात न घालणारे ते लोक, त्यांना कोर्सची गरज कमी. गरज होती मला. त्याच्या शहाणपणावर माझे पाच रुपये आणि माझा आवाज चढला.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडे हा कोर्स आधी शिक्षकांना लावा. सहलीत होडी, तलाव, धरण, बॅकवॉटर काहीही असेल तर मुलांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने अर्ध्या दिवसाचा वर्ग केलेला असला पाहिजे. फार नको. होडीत किती बसणार हे विचारायचं आणि त्याहून एकही जास्त नाही. जॅकेट मोजायची, आणि ढिगात पडलेली नाही, पट्टे आवळून अंगात घातलेली. उठायचं एकेकाने, होडीवाला सांगेल तेव्हाच. कुणी पडलं तर मागोमाग उडी मारायची नाही, आधी काठी द्या, दोरी टाका, तरंगेल असं काहीही फेका. आणि दुसऱ्या खेपेचे पैसे वर्गणीतच धरायचे, आधीपासून. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिते आहे, कारण धक्क्यावर उभं राहून तो निर्णय कुणी करू शकत नाही. मागे मुलींचा गोंगाट असतो, ऊन चढलेलं असतं, पुढचं ठिकाण गाठायचं असतं, आणि हातातल्या पाकिटात पैसे मोजके असतात.

ह्या कोर्सचा खर्च कुणी करायचा? शाळांनी किंवा सरकारने. शिक्षकाच्या खिशातून नको. नाहीतर काय होईल ते मला माहीत आहे, एक जण कोर्स करेल आणि बाकीच्यांच्या सह्याही तोच करेल. माझ्या भाचीने, ती शिक्षिका आहे, हे ऐकून कपाळाला हात लावला. "मावशी, जनगणना आम्ही, निवडणूक आम्ही, आता बोट पण आम्हीच?" तिचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. पण मग सहलीत होडी ठेवू नका, बाई. किल्ला काठावरून दाखवा.

साराटोगाच्या त्या शनिवारी दुसऱ्या खेपेला मी आणि मामा बोटीत बसलो. नातू सुकाणूशी बापाच्या शेजारी. मामांनी सबंध फेरीत जॅकेट काढलं नाही, उकडत होतं तरी.

इकडे परत आल्यावर मी एक केलं. त्या वर्गाचा व्हॉट्सॲपवर गट आहे, मुली आता पन्नाशी उलटलेल्या, दोघी-तिघी आज्याही झाल्या आहेत. सणासुदीला मला "बाई नमस्कार" येतात. पाण्यात पडलेली ती मुलगीही त्यात आहे, सांगलीला असते. तिला वेगळा निरोप लिहिला. जंजिऱ्याला दोन खेपा कराव्या लागतील असं होडीवाला म्हणाला होता आणि मी नाही म्हटलं होतं, हे लिहिलं. तुझ्या घरी मी तेव्हा सांगायला आले नाही, हेही लिहिलं. पाठवावा की नाही करत दोन दिवस तसाच ठेवला, मग पाठवला.

उत्तर रात्री उशिरा आलं. "बाई, आईला मी सांगितलं होतं. ती म्हणाली, बाईंना काही बोलू नकोस, त्या आधीच घाबरल्या असतील. माझी एक चप्पल गेली होती तिथे, नवीन होती. आठवतंय का तुम्हाला?"

चप्पल मला आठवत नव्हती.